जिलेटिनमधल्या गोळीचा फोटो छापलात, पण मोजपट्टी कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अर्धं पान भरून एक फोटो छापला होता, काचेसारखा स्वच्छ ठोकळा, मधोमध फुगलेली मोठी पोकळी, पुढं तोंड उकललेली गोळी आणि खाली ओळ काय तर 'माणसाच्या शरीरात गोळी शिरल्यावर असं होतं'. फोटो भारी आहे यात वाद नाही, दुसऱ्या दिवशी आमच्या राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर पोरं तेच पान एकमेकाला दाखवत होती. पण मी पोटापाण्यासाठी फोटोग्राफी करतो, लग्नाचा सीझन सोडला तर उद्यमनगरातल्या कास्टिंगचे आणि मशीनच्या पार्टचे फोटो काढणं हेच माझं काम, त्यामुळं तो फोटो बघितल्यावर पहिला प्रश्न डोक्यात आला तो हा की यात पट्टी कुठाय? तापमान कुठं लिहिलंय? ठोकळा कशाचा आहे? आणि हे काहीच नसेल तर खालची ओळ तुम्ही कशाच्या जोरावर लिहिली?

पत्र थोडं लांबेल, जागा नसेल तर कापा, पण मधला पट्टीचा भाग तेवढा कापू नका.

आधी ठोकळ्याबद्दल. बॅलिस्टिक जिलेटिन म्हणजे जनावराच्या कातडी-हाडापासून काढलेलं जिलेटिन पाण्यात विरघळवून गार करून थिजवलेला गोळा, हाताला घट्ट खरवसासारखा लागतो. अमेरिकेच्या लष्करातले सर्जन डॉ. मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात यावर जे काम केलं त्यातून १० टक्के जिलेटिन आणि ४ अंश सेल्सिअस तापमान ही पद्धत रूढ झाली (नाटोवाल्यांची जुनी पद्धत वेगळी, २० टक्के आणि १० अंश). आता गंमत बघा, ठोकळा बरोबर जमलाय का नाही हे ठरवायला (यालाच कॅलिब्रेशन म्हणतात) आधी त्यावर ४.५ मिलिमीटरची स्टीलची गोळी सेकंदाला साधारण १८० मीटर वेगानं मारतात आणि ती साडेआठ सेंटिमीटर आत गेली पाहिजे, एखादा सेंटिमीटर इकडंतिकडं चालतो. त्यापेक्षा जास्त आत गेली तर ठोकळा मऊ, कमी गेली तर कडक, आणि मग त्या ठोकळ्यावरची पुढची सगळी मापं शंकास्पद. ४.५ मिलिमीटर म्हणजे आपल्याकडची पोरं १० मीटर रेंजवर जी एअर रायफल चालवतात तिचंच बोअर, म्हणजे नळीची आतली रुंदी, आणि वेग पण जवळपास तोच, हे आपल्या कोल्हापूरच्या वाचकाला सांगितलं असतं तर किती जणांना ते पटकन कळलं असतं.

तुम्ही छापलेला ठोकळा मात्र खऱ्या जिलेटिनचा वाटत नाही. खरं जिलेटिन थोडं पिवळसर, मधाच्या रंगाकडं झुकणारं आणि किंचित गढूळ दिसतं, आरपार काचेसारखं कधीच दिसत नाही. एवढं स्वच्छ दिसतं ते सिंथेटिक जेल, मिनरल ऑइल आणि पॉलिमरचं, त्याला फ्रिज लागत नाही, वितळवून परत वापरता येतं आणि कॅमेऱ्यासाठी तर ते लई सोयीचं, म्हणून व्हिडिओवाले सगळे त्याच्यामागं. पण त्यात गोळी किती आत जाते ते माप खऱ्या १० टक्के जिलेटिनशी जसंच्या तसं जुळत नाही. आणि व्हिडिओत ठोकळ्याच्या आत जो भडका दिसतो, पोरं म्हणतात बघा गोळी आत फुटली, तर तसलं काही नसतं, पोकळी मिटताना आतली वाफ आणि हवा जोरात दाबली जाऊन पेट घेते, डिझेल इंजिनात इंधन पेटतं त्याच तत्त्वावर. माणसाच्या अंगात असला भडका होत नाही हे वेगळं सांगायला नको, पण तुमच्या ओळीमुळं आता सांगावं लागतंय.

दुसरी गोष्ट वेळेची. जिलेटिनच्या फोटोचे दोन प्रकार असतात, एक गोळी जात असतानाचा आणि एक सगळं शांत झाल्यावर टेबलावर ठेवून काढलेला. गोळी जाताना जी मोठी पोकळी फुगते तिला टेम्पररी कॅव्हिटी म्हणतात, ती काही मिलिसेकंदात फुगते, मिटते, परत थोडी फुगते आणि संपते. मागं उरतो तो बारीक मार्ग आणि त्याच्या बाजूच्या चिरा. तुमचा फोटो पहिल्या प्रकारचा होता, आणि खालची ओळ वाचून माणसाला वाटतं की एवढं भोक कायमचं पडतं. पिस्तुलाच्या गोळीत ती पोकळी बहुतेक वेळा नुसता ताण असतो, स्नायू आणि फुप्फुस लवचिक असल्यानं बराच ताण सोसतात, यकृत सोसत नाही, रायफलच्या वेगाला तर गणितच बदलतं. हे सगळं एका फोटोत मावत नाही मान्य आहे, पण 'हा क्षण एवढ्या मिलिसेकंदाचा आहे' एवढे शब्द मावले असते की.

आता तो क्षण पकडतात कसा, कारण लोकांना वाटतं महागडा कॅमेरा घेतला की झालं. तसं नाही राव. चांगल्या कॅमेऱ्याचा शटर १/८००० सेकंदाला जातो, ९ मिलिमीटरची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर धावते असं धरा, तेवढ्या वेळात ती ४ सेंटिमीटरच्या वर सरकलेली असते, म्हणजे फोटोत गोळी नाही नुसती रेघ. वर परत तो शटर सगळा सेन्सर एकदम उघडत नाहीच, फट सरकवत नेतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याला तीन-चार मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात गोळी मीटरभर पुढं. म्हणून हे काम शटरचं नाहीच, फ्लॅशचं आहे. खोली अंधारी करायची, शटर उघडा ठेवायचा आणि फ्लॅश जेवढा वेळ लकाकतो तेवढाच खरा एक्स्पोजर. लग्नात आपण वापरतो तो फ्लॅश फुल पॉवरला बराच वेळ, साधारण १/१००० सेकंद जळतो, पॉवर कमी करत नेली की वेळ पण कमी होत जातो आणि सगळ्यात खालच्या पॉवरला १/२०००० च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो, पण मग उजेड एवढासा की फ्लॅश ठोकळ्याला चिकटवून ठेवावा लागतो आणि एक पुरत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही, ओळखीच्या एका कोचच्या एअर रायफल रेंजवर, त्यांच्याच देखरेखीखाली, पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळीचे, असे फोटो काढलेत, मुलांना दाखवायला. १/२०००० ला पण एअर रायफलचं पेलेट पावणेनऊ मिलिमीटर सरकतं, पेलेट स्वतः तेवढं लांब नसतं, त्यामुळं शेपटी आल्यासारखं दिसतंच. ट्रिगर आवाजावर लावायचा, माइक बंदुकीच्या पुढं ठेवायचा आणि माइक मागंपुढं सरकवून टायमिंग जुळवायचं, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, माइक साडेतीन सेंटिमीटर लांब नेला की फ्लॅश एक दशांश मिलिसेकंद उशिरा आणि तेवढ्यात पेलेट पावणेदोन सेंटिमीटर पुढं. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९६४ साली सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा जो फोटो काढला तो पण आवाजावरच ट्रिगर केलेला, फक्त त्यांचा फ्लॅश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही एक तृतीयांश एवढाच लकाकायचा. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८८६ मध्ये अर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर या शास्त्रज्ञांनी उडत्या गोळीपुढची हवेची लाट फोटोत पकडली होती, तेव्हा ना डिजिटल ना काय. मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनचं म्हणाल तर दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंदाचं अंतर असतं, पोकळी फुगून मिटायला लागते आणि तुमच्या हाती दोन-तीन फ्रेम, त्या पण रोलिंग शटरनं, म्हणजे चित्र एकदम न घेता ओळीओळीनं घेतल्यानं, वाकड्या. घरातल्या एलईडीच्या उजेडात हायस्पीड व्हिडिओ घेतला तर अजून एक लफडं, आपली लाइट ५० हर्ट्झची असल्यानं साधे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि अर्ध्या फ्रेम अंधारात जातात.

खरा छळ मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे गारठा. ठोकळा ४ अंशाचा पाहिजे आणि आपल्याकडं जून-जुलैत हवेत काय दमटपणा असतो ते पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. फ्रिजमधून काढला की मिनिटाभरात ठोकळ्यावर दव धरतं आणि सगळं धुरकट. पुसला की पुसल्याचे फराटे दिसतात, बाजूला पातळ प्लास्टिक ताणून लावलं तर त्याच्या सुरकुत्या चमकतात, थांबून राहावं तर वरचा थर गरम होऊन मऊ पडतो. त्यात जुन्या स्टुडिओतला हॅलोजन लावला तर बघायलाच नको, उजेड चांगला मिळतो पण त्याच उष्णतेनं ठोकळ्याची बाजू सैल होते, म्हणजे फोटो चांगला यावा म्हणून केलेल्या खटपटीनं टेस्टच बिघडते. म्हणून फ्रेम, फोकस, लाइट सगळं आधी डमी ठोकळ्यावर जुळवून ठेवायचं, खरा ठोकळा शेवटी आणायचा आणि मारल्यावर लगेच माप घ्यायचं. मागून बटर पेपरमधून सपाट उजेड दिला तर मार्ग काळा आणि रेखीव दिसतो, बाजूनं दिला तर चिरा चमकतात, दोन पोलराइझर (उजेडाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारे फिल्टर) एकमेकाला आडवे लावले तर जिलेटिनमधल्या ताणाचे रंग उमटतात, ते बघायला फार सुंदर असतं पण ते रंग जखमेचे नसतात, ताणाचे असतात, हे पण कुठंतरी लिहायला लागतं.

आता पट्टी. मापाच्या फोटोत पट्टी असते ती बहुतेक लोक ठोकळ्याच्या समोरच्या बाजूला टेकवून ठेवतात, दिसायला बरोबर, पण गोळीचा मार्ग ठोकळ्याच्या मधून गेलेला असतो. समजा ठोकळा १५ सेंटिमीटर रुंद आहे, मग मार्ग समोरच्या बाजूपासून साडेसात सेंटिमीटर आत. जिलेटिनमध्ये बरंचसं पाणीच असल्यानं उजेड त्यात वाकतो आणि आतली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, साडेसात सेंटिमीटर आतला मार्ग साधारण साडेपाच सेंटिमीटर आत असल्यासारखा भासतो. तरी तो पट्टीच्या मागंच ना. कॅमेरा एक मीटरवर असेल तर पट्टी एक मीटरवर आणि मार्ग जवळपास एक मीटर साडेपाच सेंटिमीटरवर, म्हणजे मार्ग पट्टीच्या मानानं पाच टक्के आखूड दिसणार. ३० सेंटिमीटरच्या मार्गात हा फरक दीड सेंटिमीटरचा झाला! आणि ठोकळा पास का नापास हे ठरवायची सूट किती, तर एक सेंटिमीटर. म्हणजे फोटो काढणाऱ्यानं नुसतं जवळ उभं राहून टेस्टच्या सुटीपेक्षा मोठी चूक घुसवली. यावर उपाय साधा आहे, लांब लेन्स लावून तीन-चार मीटर मागं सरकायचं, फरक दोन टक्क्याच्या आत येतो, किंवा ठोकळा मार्गाच्या रेषेत कापून पट्टी तिथंच ठेवून दुसरा फोटो घ्यायचा. उद्यमनगरात मशीनच्या पार्टचा फोटो काढताना आम्हाला हेच सांभाळावं लागतं, गिऱ्हाईक ड्रॉइंगवर माप धरून बसलेलं असतं, तिथं कोणी 'बघा केवढं मोठं दिसतंय' म्हणून भारावत नाही.

आणि साहेब, हे सगळं बरोबर केलं तरी तो फोटो माणसाचा होत नाही. जिलेटिनला हाड नाही, कातडी नाही, आत पोकळ फुप्फुस नाही, रक्त नाही. ते स्नायूच्या जागी ठेवलेलं एकजिनसी माध्यम आहे, एका गोळीची दुसऱ्या गोळीशी तुलना करायला. अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या, लोकांची गुन्हेगारांशी जी चकमक झाली, त्यात एक गोळी पुरेशी आत न गेल्याचा मुद्दा नंतर फार गाजला आणि त्यातून एफबीआयनं जिलेटिनच्या टेस्ट ठरवल्या, गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच आत जावी, नुसत्या ठोकळ्यात पण आणि जाड कपडे, लाकूड, पत्रा, गाडीची काच असल्या अडथळ्यांतून पण. तिथं एका गोळीवर निकाल देत नाहीत, परत परत मारून बघतात, कारण एखादी गोळी उकलते आणि तसलीच दुसरी कापडाचा बोळा तोंडात अडकून उकलतच नाही. तुमच्या फोटोतली गोळी उकललेली होती म्हणजे ती हॉलो पॉइंटसारखी, टोकाला पोकळ असल्यानं आत शिरल्यावर पसरणारी. असल्या गोळ्या युद्धात वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं मनाई केली, आणि त्या वादाचं मूळ आपल्याच देशात, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात आहे, इंग्रजांनी तिथं बनवलेल्या गोळीवरूनच 'डमडम बुलेट' हे नाव जगभर गेलं. फोटोसोबत ही माहिती दिली असती तर वाचकानं फोटोइतकीच आवडीनं वाचली असती असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं माहीत नाही.

हे कोल्हापूरच्या पेपरला सांगायचं कारण आहे. नेमबाजी म्हणजे काय हे या जिल्ह्याला शिकवायला नको. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेम धरायचा प्रकार) वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं. रेंजवर जा, तिथं पोरं श्वास कसा सोडायचा, ट्रिगर कसा दाबायचा आणि कागदावरचा दशांश पॉइंट कुठं गेला यावर बोलत असतात, गोळीनं काय फुटतं यावर नाही. आणि दुसरीकडं हातात कट्टा धरून रील टाकणारी पण पोरं आहेत, त्यांना असला फोटो आणि असली ओळ म्हणजे आयतं खाद्य. चहाच्या गाड्यावर त्या दिवशी मला विचारणारे पण होते, की दादा आपल्याला असलं करता येईल का. त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो, शस्त्राचा परवाना जिलेटिनवर गोळ्या मारून रील करायला मिळत नाही, हे काम प्रयोगशाळेचं आहे, आणि एअर रायफल असली तरी कोच आणि रेंज सोडून कुठं करू नका.

फोटो छापूच नका असं माझं म्हणणं नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावच्या वाचकाला फोटो कसा बनला हे कळत नाही असं समजू नका, एवढंच. शिवाय आता नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७६ प्रमाणं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस जागेवर जाणं आणि पुरावा गोळा करतानाचं व्हिडिओ शूटिंग यांची तरतूद आहे, म्हणजे पट्टी लावून, अंतर लिहून फोटो काढणारी माणसं लागणारच आहेत. आमच्या धंद्यात दरवर्षी नवीन पोरं येतात, सगळी प्री-वेडिंगच्या मागं, ड्रोन घेतात, कर्ज काढतात, आणि मापाचा फोटो कसा काढायचा हे कोणी शिकवतच नाही. त्यावर पुरवणीत एखादं पान द्या, लागली तर मदत मी फुकट करतो.

तूर्तास मागणी एवढीच. पुढच्या रविवारी त्याच पानावर छोटा खुलासा छापा. ठोकळा जिलेटिनचा का सिंथेटिक, तापमान किती होतं, कॅलिब्रेशन केलं होतं का, गोळी कुठली आणि किती अंतरावरून मारली, फोटो नेमक्या कुठल्या क्षणाचा, कॅमेरा किती लांब होता. ज्यांच्याकडून फोटो घेतला त्यांना फोन केला की यातलं बरंच कळेल, आणि त्यांना पण सांगता आलं नाही तर तसं छापा. 'माणसाच्या शरीरात' हे शब्द मात्र कुठल्याही परिस्थितीत मागं घ्या.

आपला नेहमीचा वाचक,
एक फोटोग्राफर
राजारामपुरी, कोल्हापूर